वास घ्यावा, पुडा फोडू नये

बिबवेवाडीत आमच्या घरापासून भाजी घ्यायला निघालं की वाटेत एक पूजासाहित्याचं दुकान लागतं. दोन माणसं आत शिरली की तिसऱ्याने पायरीवर उभं राहायचं, एवढंच ते दुकान. मालक सत्तरीचे. गिऱ्हाईक आलं की 'या' म्हणत नाहीत, 'काय हवंय' म्हणत नाहीत, नुसते चष्म्यावरून बघतात. काउंटरवर उदबत्तीचे पुडे मांडलेले असतात आणि त्यांच्या वर एक रंगवलेली पाटी आहे : 'वास घ्यावा. पुडा फोडू नये.' या माणसाचे माझ्यावर जेवढे उपकार आहेत तेवढे माझ्या सख्ख्या नातेवाइकांचेही नाहीत. आणि ज्या दिवशी त्यांनी ते केले, त्या दिवशी मी त्यांना वाटेल ते बोलून पायरी उतरले होते.

मी शाळेत विज्ञान शिकवते. शाळेत दरवर्षी व्यसनमुक्ती सप्ताह असतो आणि विज्ञानाच्या बाई म्हणून तो माझ्या गळ्यात पडतो. एका वर्षी मी ठरवलं, नुसती भाषणं पुरे, पालकांसाठी एक मोठा तक्ता करू. माझं अक्षर डॉक्टरांनाही लाजवेल असं आहे. मुलगा तेव्हा आठवीत होता आणि त्याचं अक्षर छापल्यासारखं. एका रविवारी तो हॉलमध्ये पालथा पडून तक्ता लिहीत होता आणि मी ओट्याशी पोळ्या लाटता लाटता त्याला सांगत होते : डोळे लाल होणे. कपड्यांना उग्र वास येणे. अवेळी खा-खा सुटणे. कारण नसताना हसू येणे. गोष्टी विसरणे. मित्र बदलणे.

"आई, खा-खा एक शब्द की दोन?" त्याने विचारलं.

"मध्ये आडवी रेघ दे."

त्याने पट्टी लावून रेघ दिली. वर लाल अक्षरांत मथळा घातला : 'आपलं मूल गांजा ओढतं का? ही लक्षणं पाहा.' तो तक्ता शाळेच्या जिन्यात लागला आणि पुढची काही वर्षं तिथेच राहिला. पालक थांबून वाचायचे आणि म्हणायचे, अक्षर किती सुरेख आहे. मीही तेवढंच ऐकायचे आणि खूश व्हायचे.

मुलगा अकरावीत गेला आणि दिवाळीनंतर घरात एकेक चांगली गोष्ट घडायला लागली. हे मी मुद्दाम 'चांगली' म्हणते आहे, कारण मला तेव्हा तसंच वाटत होतं.

पहिली गोष्ट म्हणजे तो जेवायला लागला. लहानपणापासून या मुलाच्या मागे ताट घेऊन फिरण्यात माझी दहा वर्षं गेली होती. आता तो क्लासहून आला की ओट्याशी उभा राहूनच सकाळच्या पोळ्या तूप-गूळ लावून खायचा, पाच, सहा, कधी डबा रिकामा. मी कणीक जास्त भिजवायला लागले. दुसरी गोष्ट, तो स्वतःचे कपडे स्वतः धुवायला लागला. न सांगता शर्ट मशीनमध्ये टाकायचा, वाळत घालायचा. ही बातमी मी स्टाफरूममध्ये अशी सांगितली की दोघीतिघींनी आपापल्या मुलांना त्याच दिवशी फैलावर घेतलं असणार. खिडक्या उघड्या टाकून बसायचा, तर मी म्हणायचे, बरं झालं, एसीची सवय नको. फोनवर एकटाच हसायचा, तर वाटायचं, चला, अभ्यासाचं दडपण घेत नाही. डोळे तर इतके स्वच्छ, पांढरेशुभ्र की मीच एकदा म्हटलं होतं, मोबाइल कमी केलास वाटतं. विसरभोळेपणा वाढला होता. पण तो मुळात बापाकडून आलेला आहे असं मी धरून चालले होते.

आणि मग उदबत्ती.

आमच्या घरात देव म्हणजे माझ्या माहेरून आलेला एक वीतभर गणपती. नवरा पक्का नास्तिक. कंपनीत मालाची तपासणी करणं हे त्याचं काम आहे आणि पुराव्याशिवाय तो देवालाही पास करत नाही. अशा घरात मुलगा एके दिवशी स्वतःहून उदबत्तीचा पुडा घेऊन आला, संध्याकाळी गणपतीपुढे एक लावली आणि दुसरी स्वतःच्या खोलीत. 'अभ्यासात मन लागतं,' म्हणाला. माझे डोळे भरून आले. खरंच आले, आता सांगताना लाज वाटते. मी बहिणीला फोन करून सांगितलं. नवऱ्याने मात्र नाक मुरडलं.

"अहो, संस्कार आहेत ते. कुठेतरी रुजलेच ना?" मी म्हटलं.

"धुराचा लोट निघतोय त्याच्या खोलीतून. संस्कार जरा कमी लावायला सांग," तो म्हणाला.

त्यावरून आमचं चांगलं तीन दिवस वाजलं. मी मुलाच्या बाजूने भांडत होते. भक्तीचं स्वातंत्र्य, मुलाला स्वतःचा मार्ग शोधू दे, असलं काय काय बोलले मी. मुलगा दाराशी उभा राहून ऐकत होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत, तो बारावीत जाणार होता तेव्हाची गोष्ट. मी फुलवाती घ्यायला त्या दुकानात गेले. एरवी आमच्याकडची उदबत्ती मुलगाच आणायचा, त्यामुळे मी बऱ्याच दिवसांनी आले होते. काकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि नेमकं त्या दिवशी ते आपणहून बोलले.

"बाई, तुमच्याकडे काही अनुष्ठान वगैरे चालू आहे का?"

मला हसू आलं. मी कौतुकाने म्हटलं, "छे हो काका. मुलाला आवड लागली आहे. रोज लावतो."

"कळतंय. आठवड्याला पुडा जातो." त्यांनी फुलवाती कागदात बांधल्या, दोरा तोडला. मग काउंटरवर कोपरं टेकून आवाज खाली आणला. "तो वास घेत नाही."

"म्हणजे?"

त्यांनी बोट वर करून पाटी दाखवली. "एवढी वर्षं झाली, माझ्या दुकानात उदबत्ती घेणारा प्रत्येक माणूस पुडा नाकाला लावतो. म्हातारी असो, पोर असो. हा, चंदन. हा नको, डोकं धरतं. तुमचा मुलगा कधीच लावत नाही. तो विचारतो, सगळ्यात स्ट्राँग कुठली? जास्त वेळ कुठली टिकते? वाती नेत नाही, कापूर नेत नाही, निरांजनाचं कधी विचारलं नाही. बाई, देवासाठी नेणाऱ्याला वास आवडावा लागतो. दुसरा वास झाकायला नेणाऱ्याला कुठलाही चालतो."

माझ्या कानशिलात मारल्यासारखं झालं. मी म्हटलं, "तुम्हाला काय म्हणायचंय? माझ्या मुलाबद्दल बोलताय तुम्ही."

"हो. त्याच्याबद्दलच बोलतोय."

"तुम्ही तुमचं दुकान सांभाळा."

"तेच सांभाळतोय," ते म्हणाले आणि पुन्हा खाली बघून दोऱ्याचं बंडल गुंडाळायला लागले.

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. माणसांनी आपल्या पायरीने राहावं, हे नक्की बोलले. मागे एक बाई कापूर घ्यायला उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं असणार. रागारागाने मी घराकडे निघाले आणि औषधाच्या दुकानापाशी पोहोचेपर्यंत माझा राग एकदम ओसरला. कारण चालता चालता मला तो जिन्यातला तक्ता दिसायला लागला होता. खा-खा, मध्ये आडवी रेघ. कपड्यांना वास. हसू. विसरणे. एकेक ओळ त्याच्या सुरेख अक्षरात माझ्यापुढे येत होती आणि प्रत्येक ओळीला माझ्या घरात जागा होती. फक्त डोळे लाल नव्हते. मग मला त्याच्या टेबलावरची डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली आठवली. ती मी दोनदा उचलून पुसून जागेवर ठेवली होती.

घरी कोणी नव्हतं. मी त्याच्या खोलीत गेले. प्रयोगशाळेत मी मुलांना पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवते : परीक्षानळीला नाक लावायचं नाही, हाताने वारा घालून वास आपल्याकडे आणायचा. इतक्या वर्षांची सवय. मी पडद्यापाशी उभी राहिले आणि हाताने वारा घालून वास आपल्याकडे आणला. वर गुलाबाची उदबत्ती होती. तिच्या खाली दुसरं काहीतरी होतं, ओला पालापाचोळा जाळल्यासारखं, उग्र, जुनं. ते पडद्यात मुरलेलं होतं. म्हणजे काही महिन्यांचं होतं. मी त्याच्या पलंगावर बसले.

कपाटं उपसायची मला फार इच्छा झाली. कुलूप असतं तर तोडलं असतं. तेवढ्यात नवरा कंपनीतून आला. मी त्याला सगळं सांगितलं आणि वाटलं, आता हा 'मी म्हणत होतो' म्हणणार. तो म्हणाला नाही. पडद्यापाशी गेला, वास घेतला आणि म्हणाला, "मी रोज धुरावर बोलत होतो आणि धूर कशाला आहे हे एकदाही विचारलं नाही. माझं कामच तपासायचं आहे." मग आम्ही दोघं हॉलमध्ये त्याची वाट बघत बसलो.

तो सहाच्या सुमारास आला. मी ठरवलं होतं शांत राहायचं. दार उघडल्या उघडल्या मी ओरडले. त्याने आधी 'कोण म्हणालं' विचारलं, मग 'मित्राचं होतं' म्हणाला, मग 'सगळे करतात, इट्स नॉट अ बिग डील' म्हणाला. मी म्हटलं, "तू? तू तो तक्ता लिहिलास! तुला सगळं माहीत होतं!"

तो माझ्याकडे बघत राहिला आणि अगदी हळू म्हणाला, "म्हणूनच तर माहीत होतं ना, काय काय लपवायचं ते."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि कोणी उठलं नाही.

मग तो रडायला लागला आणि रडता रडता बोलायला लागला, हेच आमचं नशीब. अकरावीच्या पहिल्या चाचणीत तो दोन विषयांत गटांगळ्या खाऊन आला होता आणि ते त्याने आम्हाला सांगितलंच नव्हतं. झोप लागत नव्हती. छातीत धडधडायचं. क्लासमधल्या एका मुलाची वारज्याला भावाची खोली होती, तिथे हे सगळे शनिवारी जायला लागले. पहिल्यांदा ओढल्यावर बरं वाटलं, झोप लागली. मग शनिवार पुरेना. मग आणून खोलीत. आता गांजा नसला की चिडचिड होते, आणि असला की पुस्तकातलं वाचलेलं पान पुन्हा वाचावं लागतं. "थांबवायचं होतं गं. दोनदा थांबवलं पण," तो म्हणाला. "पण तू इतकी खूश होतीस. जेवतो, कपडे धुतो, पूजा करतो. मला वाटलं, हे बंद केलं तर पुन्हा आधीसारखं होईल."

हे वाक्य मला आजही झोपेतून उठवतं. माझ्या पोराला वाटत होतं की गांजा ओढणारा तो मला जास्त आवडतो.

पुढचं वर्ष सोपं नव्हतं. आम्ही एका मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी मुलाशी वेगळं बोलून घेतलं आणि आम्हाला बाहेर बोलावून पहिली तंबी मलाच दिली. मी तोपर्यंत एक नवीन उद्योग सुरू केला होता : तो घरात शिरला की मायेने जवळ घ्यायचं आणि हळूच त्याच्या केसांचा वास घ्यायचा. त्याला ते पहिल्या दिवशीच कळलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, "चोरून वास घेऊ नका, त्याची बॅग उपसू नका. शंका आली तर समोर बसवून विचारा. आणि उत्तर वाईट आलं तर ऐकून घ्यायची तयारी ठेवा."

रिक्षात बसल्यावर नवरा बाहेर बघत होता. मग म्हणाला, "म्हणजे वास घ्यावा, पुडा फोडू नये." त्या सगळ्या महिन्यांत मी पहिल्यांदा हसले ती तेव्हा.

नवऱ्याचे गुडघे गेलेले आहेत. तरी तो वर्षभर रोज पहाटे मुलाबरोबर तळजाईच्या टेकडीवर गेला. काय बोलायचे मला माहीत नाही. मुलगा सांगतो, पहिले दोन महिने काहीच नाही, बाबा फक्त धापा टाकायचा. मध्ये एकदा मुलगा घसरलाही, पुन्हा ओढला. पण त्या वेळी त्याने स्वतः येऊन सांगितलं, ओट्याशी उभं राहून, पोळी हातात घेऊन. मी लाटणं खाली ठेवलं आणि ओरडले नाही. माझ्यासारख्या बाईने ओरडू नये ही काही साधी गोष्ट नाही, कृपया याची नोंद घ्यावी. बारावीला मार्क बेताचे पडले. मला अभियांत्रिकीचं जे कॉलेज हवं होतं ते मिळालं नाही. वाघोलीच्या एका कॉलेजात मिळालं आणि मी देवापुढे साखर ठेवली. नवऱ्यानेही खाल्ली.

दुकानात जायला मला सात-आठ महिने लागले. तोंड दाखवायची लाज वाटत होती. फुलवाती मी लांबच्या दुकानातून आणत होते. शेवटी पेढे घेऊन गेले. काकांनी चष्म्यावरून पाहिलं.

"काका, माझं चुकलं. आणि तुमचे फार उपकार आहेत."

"मला मधुमेह आहे," ते पेढ्यांकडे बघून म्हणाले. मग खोका घेऊन गल्ल्याशेजारी ठेवला. "नातीला देतो. मुलगा?"

"बरा आहे. बोलतो आता."

त्यांनी मान हलवली. काउंटर पुसत बसले. मग म्हणाले, "माझंही चुकलंच. मला तिसऱ्या-चौथ्या पुड्यालाच कळलं होतं. मी उन्हाळ्यापर्यंत विकत राहिलो."

"मग का नाही बोललात?"

"आधी दोन घरी बोललो होतो. अशीच दोन पोरं. दोन्ही घरं पुन्हा या पायरीवर चढली नाहीत. त्या पोरांचं काय झालं, कोणास ठाऊक." फडकं त्यांनी घडी करून बाजूला ठेवलं. "तुम्हाला सांगू की नको, असं झालं होतं. गिऱ्हाइकाचं सोडा हो. पण माणूस यायचं बंद झालं की कळत नाही ना पुढचं. तुम्ही पहिल्याच परत आलेल्या."

मी पाटी वाचत उभी राहिले. त्या माणसाला ठाऊक होतं की मी अपमान करीन, पायरी उतरेन आणि पुन्हा येणार नाही. तरी तो बोलला. मी सोळा वर्षं त्या पोराच्या जवळ होते. माझं नाक त्याच्या उशीला रोज लागत होतं. आणि मला गुलाबाचा वास येत होता.

जिन्यातला तक्ता मी काढून आणला. चुकीचा होता म्हणून नाही, लक्षणं सगळी बरोबरच होती. पण पुढच्या सप्ताहाला मी पालकांसमोर तो नुसता लावला नाही, माझी गोष्ट सांगितली, मुलाला विचारून. त्याने एकच अट घातली : तक्त्याला त्याच्या हाताने एक ओळ वाढवायची. सगळ्यात खाली, तशाच छापील अक्षरात त्याने लिहिलं : 'यातल्या काही गोष्टी आईला आवडू लागणे.' सभेत आधी लोक हसले, मग गप्प झाले. नंतर तक्ता पुन्हा जिन्यात लागला, तेव्हा एका मुलाचे बाबा त्याच्यापुढे बराच वेळ एकटे उभे होते. मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले.

परवा गणपतीच्या तयारीला मुलगा वाघोलीहून दोन दिवस आला होता. आता वीस वर्षांचा आहे, दाढी ठेवली आहे, ती मला मुळीच आवडत नाही. आम्ही दोघं दुकानात गेलो. त्या उन्हाळ्यानंतर तो पहिल्यांदाच त्या पायरीवर चढत होता. वाटेत एकदा म्हणाला, "तू जा ना, मी भाजी घेतो." मी चालत राहिले. दोन पावलांनी तो स्वतःच माझ्यामागून आला.

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं. कोणीच जुनं काही काढलं नाही. काकांनी तीन पुडे त्याच्यापुढे सरकवले आणि हात बांधून उभे राहिले.

मुलाने पहिला पुडा उचलला, नाकाला लावला, डोळे मिटून. ठेवला. दुसरा लावला. "हा नको, आईचं डोकं धरतं." तिसरा लावला आणि बराच वेळ तसाच धरला. मग तो माझ्या नाकापुढे आणला आणि म्हणाला, "घे, तू पण घे. समोरून घे, चोरून नको."

"लवकर घ्या. दुकान आहे हे," काका म्हणाले आणि पाठ करून समईच्या तेलाच्या बाटल्या उगाचच नीट लावायला लागले.

मी वास घेतला. मोगरा होता. त्याच्या खाली दुसरं काहीच नव्हतं.